बंद बॉडीची गाडी घरातून चालवायची तर

भिवंडीच्या गोदामांतून माल उचलायचा आणि ठाणे-नवी मुंबईत घरोघरी, दुकानोदुकानी पोचवायचा, हा आमचा धंदा. गाड्या चौदा फुटी, बंद बॉडीच्या. राहायला कळव्याला, आणि ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली खोली. गाड्या नवरा आणि धाकटे दीर बघतात. भाडं ठरवणं, बिलं, कागद आणि फोन माझ्याकडे. गोदामातली पोरं मला वहिनी म्हणतात, आणि पैशांचे फोन मीच करते म्हणून जरा दबूनही असतात. ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "मुलाला गाडी घेऊन द्यावी म्हणतोय, कसं काय?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

गाडी धावून बुडत नाही, उभी राहून बुडते. गाडी कुठली घ्यायची, भाडं किती सांगायचं, ड्रायव्हर कोण ठेवायचा, सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबतं.

आधी उभ्या गाडीचा हिशेब

बहुतेक जण किलोमीटरचा भाव काढतात. डिझेल किती, अ‍ॅव्हरेज किती, भागाकार केला की मोकळे. आपल्याकडे गाडी किलोमीटरपेक्षा तासाने जास्त खाते. समजायला सोपे म्हणून आकडे घेते, तुम्ही तुमचे घाला. हप्ता ३२,००० रुपये, ड्रायव्हर २२,०००, हेल्पर १५,०००, विमा-पासिंग-कर मिळून वर्षाचा खर्च बाराने भागून ६,०००, रात्रीच्या पार्किंगचे ३,०००. झाले ७८,०००. महिन्यात कामाचे २६ दिवस धरले तर गाडीने चावी फिरवायच्या आधीच रोजचे ३,००० रुपये संपलेले असतात. दहा तासांचा दिवस धरा, तासाला ३००.

आता चालतीचा खर्च. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज नऊचं धरलं तर किलोमीटरला १० रुपये. टायर, ऑइल, क्लच-ब्रेक, धूर साफ करायला टाकतात तो युरिया यांचे वरचे ३. भिवंडीजवळच्या मानकोलीहून नेरुळ, जाऊन-येऊन ८० किलोमीटर म्हणा, म्हणजे १,०४० रुपये. दिवसभरात ही एकच फेरी झाली तर ती ४,०४० ला पडते. दोन झाल्या तर एकेक २,५४० ला. रस्ता तोच, माणसं तीच, डिझेलही फेरीला तेवढंच. मधले दीड हजार गोदामाच्या गेटवर किती वेळ जातो त्यावर ठरतात.

घरचा माणूस गाडी चालवतो म्हणून ड्रायव्हरचा पगार हिशेबातून गाळू नका. आमच्याकडे नवरा आणि दीर दोघांनाही महिन्याला ठरलेला पगार बँकेत जातो. उद्या दिराने दुसरं काही करायचं ठरवलं किंवा कुणाची पाठ धरली, तर त्या भाड्यात बाहेरचा ड्रायव्हर परवडायला हवा. पगार न धरता सांगितलेलं भाडं स्वस्त वाटतं, गिऱ्हाईकाला त्याची सवय लागते, आणि मग ते वाढवताना तोंडाला फेस येतो.

सासऱ्यांनी टेम्पो चालवला तेव्हा मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्र जायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. सासरे म्हणतात, आता तुम्हाला काय, सुसाट! नाका गेला हे खरं, पण तो वेळ आता गोदामाबाहेरच्या रांगेत आणि सोसायटीच्या गेटवर जातो.

गाडी घेताना

छोटा हत्ती, पिकअप, चौदा फुटी, सतरा फुटी यांपैकी काय घ्यायचं हे तुमच्या मालावर आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, फर्निचर, गाद्या असा फुगीर माल असेल तर चौदा फुटी बरी. लोखंड, टाइल्स, केमिकलचे ड्रम असतील तर बंद बॉडीच्या नादाला लागूच नका. कळंबोलीच्या लोखंड बाजारात बंद बॉडी घेऊन गेलात तर क्रेनवाला हसेल.

आरसी बुकावर दोन आकडे असतात, एकूण वजन आणि रिकामं वजन. त्यांतली वजाबाकी म्हणजे तुमचा माल. पत्र्याच्या बॉडीचं स्वतःचं वजन बरंच असतं, त्यामुळे त्याच मॉडेलच्या उघड्या गाडीपेक्षा बंद गाडीत माल कमी बसतो. विकणारा शोरूममध्ये उघड्या गाडीचा आकडा तोंडावर फेकतो. ओव्हरलोड पकडला तर मोटार वाहन कायद्यात दंडच २०,००० रुपये आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका फेरीचा नाही, आठवड्याचा नफा गेला.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्यावर गेलात की परवाना काढायचा. राज्यातच फिरणार असाल तर राज्याचा पुरतो. वापी-सिल्वासाची भाडी दिसायला लागली की नॅशनल परमिटशिवाय पाऊल टाकू नका. दुसरी सीमा ७,५०० किलोची. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. घरच्या धंद्याला हे सोयीचं आहे, कारण ड्रायव्हर आजारी पडला की भाचा, पुतण्या कुणीतरी उभा राहू शकतो. म्हणून आम्ही या सीमेच्या आतच राहिलो.

जुनी गाडी घेत असाल तर इंजिन मेकॅनिकला बघू द्या, बॉडी तुम्ही बघा. भर दुपारी उन्हात गाडी लावायची, आत जाऊन उभं राहायचं आणि बाहेरच्याला दार लावायला सांगायचं. दोन मिनिटांत डोळे सरावतात. मग छताच्या रिव्हेटांतून, कोपऱ्यांतल्या जोडांतून, दाराच्या रबराच्या फटीतून उजेडाचे ठिपके दिसायला लागतात. जिथून उजेड येतो तिथून जुलैत पाणी येणार. खडूने खुणा करा, बाहेर येऊन भाव पाडा, आणि नंतर सिलिकॉन मारून घ्या. आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक गाडीची ही तपासणी होते आणि आत उभी मीच राहते, कारण बाकीचे दोघे "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून बाहेर येतात. बाहेर कडी लावणारा मात्र आपला माणूस असावा आणि त्याला फोन यायचा नसावा.

कर्जाआधी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आपल्याला लागू होते का ते बघा. मराठा समाजातल्या बऱ्याच मुलांनी गाड्या त्यावर घेतल्यात. इतर समाजांसाठीही वेगवेगळी महामंडळं आहेत. हप्ता बँकेला आधी आपण भरायचा असतो, व्याज मागाहून परत येतं, तेव्हा पहिल्या महिन्यांची सोय हाताशी ठेवा.

कागद

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये आरसी, विमा, परवाना, फिटनेस, पीयूसी आणि ड्रायव्हरच्या लायसनची प्रत. तेच सगळं फोनमध्येही. नव्या गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तारखा मी फ्रिजवर लावलेल्या कॅलेंडरवर लिहिते, फोनमधल्या आठवणीवर विश्वास नाही. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी, ती लोक हमखास विसरतात.

विम्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडीचा विमा गाडीचा असतो, आतल्या मालाचा नसतो. मालाचा विमा माल पाठवणाऱ्याने काढलाय की तुम्ही वाहतूकदाराच्या जबाबदारीचा वेगळा काढायचा, हे पहिल्या फेरीच्या आधी लेखी विचारा. आणि हेल्पर! पॉलिसीत पगारी ड्रायव्हरबरोबर क्लीनरसाठीही, म्हणजे हेल्परसाठीही, जादा हप्ता भरलाय का ते बघा. रक्कम किरकोळ असते, म्हणून एजंट विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद, माल पाठवणारा काढतो, पण रस्त्यात अडते ती आपली गाडी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाख रुपयांच्या वर असला की ते लागतं, राज्याबाहेर जाताना ५०,००० च्या वर. त्यावर गाडीचा नंबर असतो. मुंब्रा बायपासला गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर माल हलवायच्या आधी नवा नंबर चढवायला लावायचा. मुदतही बघा, साध्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एकच दिवस मिळतो. शनिवारी संध्याकाळी भरलेली आणि सोमवारी खाली करायची गाडी तिथेच अडकते.

बाकी जीएसटी आणि प्राप्तिकराचं सीएला विचारा. एवढंच लक्षात ठेवा की दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असतील तर पॅन देऊन तसं लिहून दिल्यावर पार्टी, म्हणजे भाडं देणारं गिऱ्हाईक, आपला टीडीएस कापत नाही. हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या पार्ट्यांना पाठवून मोकळं व्हायचं, नाहीतर कापलेले पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकून पडतात.

भाडं सांगताना काय काय सांगायचं

भाड्याचा आकडा एका ओळीत सांगितला की पुढचं सगळं तुमच्या अंगावर येतं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर सात ओळी पाठवते. कुठून कुठे, किती ठिकाणी उतरवायचं. भरायला आणि उतरवायला मिळून दोन तास आमच्याकडून. पुढे तासाला हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे. रात्र काढावी लागली तर वेगळे. टोल-पार्किंग पावतीप्रमाणे. हमाली पार्टीची. पैसे किती दिवसांत. समोरून "ओके" आल्याशिवाय गाडी हलत नाही.

हमालीवरून भांडणं सगळ्यांत जास्त. एपीएमसीत (शेतमालाच्या घाऊक बाजारात) आणि जुन्या बाजारांत माथाडी कामगार असतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांचं काम आणि मजुरी बांधलेली आहे, तिथे आपला हेल्पर पेटीला हात लावत नाही. इतर ठिकाणी वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाखाली ड्रायव्हरकडून पैसे मागतात. वाहतूकदारांची जुनी घोषणा आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. ती पार्टीला हसत हसत ऐकवायची, पण भाडं ठरतानाच. माल उतरल्यावर ऐकवून काही उपयोग नाही.

टोलचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. तेव्हापासून प्रत्येक पार्टी म्हणते, "आता कसला टोल?" वाद घालू नका. आपली गाडी कुठल्या वर्गात धरली आणि किती कापले ते फास्टॅगच्या विवरणात दिसतं, ते बिलाला जोडा.

हॉल्टिंग मागणं सोपं, मिळणं अवघड. त्यासाठी पुरावा लागतो. गाडी गेटवर पोचली की ड्रायव्हरने गेटच्या रजिस्टरवर वेळ लिहायची आणि त्या पानाचा फोटो लगेच मला पाठवायचा. "आत घेतली तेव्हाची वेळ धरा" असं गोदामवाला म्हणतो. मी गेटची वेळ धरते. बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीवर) दोन्ही वेळा आणि शिक्का. पहिल्या बिलाला हॉल्टिंग लावलं तर फोन येतो, रागारागाने. दुसऱ्या बिलाला लावलं तर आपली गाडी रांगेत जरा पुढे सरकायला लागते. तासाच्या तीनशेंपेक्षा मला हेच हवं असतं.

भरणं आणि पोचवणं

शेवटच्या पत्त्याचा माल आधी भरायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण अशी की जड माल खाली आणि पुढच्या भिंतीकडे हवा, आणि कधीकधी सगळ्यांत जड वस्तू पहिल्याच पत्त्याची असते. अशा वेळी पत्त्यांचा क्रम बदला, मालाचा नाही. घोडबंदरच्या गायमुख घाटात खड्डे चुकवताना वर ठेवलेलं जड खोकं कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

फ्रिज उभाच जाईल. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. गिऱ्हाईकाने लगेच चालू केला, बिघडला, की नाव आपलं. पुढून उघडणारं वॉशिंग मशीन जुन्या घरातून नव्या घरात जात असेल तर ड्रमचे वाहतुकीचे बोल्ट लावलेत का ते विचारा. बहुतेकांनी ते फेकून दिलेले असतात. मग तसं बिल्टीवर लिहून सही घ्या. गाडीत रॅचेटचे पट्टे, सुती दोर आणि जुन्या गोधड्या कायम हव्यात. गोधडीला तोड नाही, फोमच्या चादरी महिन्यात फाटतात.

पत्त्यांचं मात्र वेगळंच प्रकरण. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे, म्हणजे उपनगराचे, सेक्टर वेगळे. सेक्टर ८ ऐरोलीलाही आहे, नेरुळलाही आणि बेलापूरलाही. "सेक्टर ८, प्लॉट अमुक, नवी मुंबई" एवढाच पत्ता आला तर गाडी सोडू नका. नोडचं नाव आणि पिनकोड मिळाल्यावरच सोडा. कोपरखैरण्यात छोट्या घरांच्या ओळींमधल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, तिथे चौदा फुटी कोपऱ्यावरच थांबते आणि पुढे हातगाडी. हे भाड्यात धरायचं. पाम बीच रोडवर अवजड वाहनं चालत नाहीत, नकाशा दाखवतो म्हणून वळू नका. ठाणे शहरात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात आणि त्या बदलत राहतात. घोडबंदरला काम निघालं की आणखी बदलतात. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघाली की गोदामांच्या ग्रुपवर फिरतेच, पण तारीख वाचा. गेल्या वर्षीची अधिसूचनाही तेवढ्याच उत्साहाने फिरते.

हिरानंदानी इस्टेट, कोलशेत, मानपाडा या बाजूच्या टॉवरमध्ये जायचं तर आदल्या दिवशी गिऱ्हाईकाला चार प्रश्न. सामानाची लिफ्ट आहे का, किती ते किती चालू. गेटवर आधी नोंद लागते का. पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या अंगणात) गाडी चढते का. आणि कमानीची उंची किती. उंचीचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, म्हणून गेटचा फोटो मागवते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा आडवा बार दिसला की त्यावर आकडा असतोच. बंद बॉडी आडव्या बाराला घासली की पत्रा साबुदाण्याच्या पापडासारखा चुरतो, आणि वाद सोसायटीच्या सेक्रेटरीशी घालावा लागतो.

पैसे

माल मिळाल्याच्या सहीची पोच हातात असल्याशिवाय बिल नाही, आणि बिल दर शनिवारी. महिनाअखेरीपर्यंत साठवलं की पार्टी म्हणते, "अहो, या महिन्याचं खातं बंद झालं." छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, आणि मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो. मी हे भांडताना कधी म्हणत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या अकाउंटंटला गोड आवाजात आठवण करून देते.

उधारीला सीमा हवी. आमचा नियम असा की एका पार्टीचं येणं गाडीच्या दोन हप्त्यांच्या वर गेलं की पुढची फेरी रोख. हा नियम सासऱ्यांच्या मित्रालाही लागू आहे. त्यावरून घरात एक दिवाळी जरा शांततेत गेली, ती गोष्ट वेगळी.

धंद्याचं खातं वेगळं ठेवा. घरातली फी, किराणा, लग्नाचा आहेर त्यातून नाही. आणि भाडं ठरवणारा माणूस एकच असू दे. पार्टी आधी मला फोन करते, मग दिरांना, मग थेट सासऱ्यांना. तिघांनी तीन आकडे सांगितले की सगळ्यांत कमी आकडा पक्का झालाच म्हणून समजा. आमच्याकडे सासरे आता फोनवर एवढंच म्हणतात, "सूनबाईंना विचारा."

दुसरी गाडी

गणपती ते दिवाळी एवढं काम येतं की वाटतं उद्याच दुसरी घ्यावी. त्या दिवसांत बाहेरची गाडी भाड्याने लावा आणि जून-जुलैचा हिशेब बघून ठरवा. पावसाळ्यातही पहिली गाडी रोज दोन फेऱ्या करत असेल आणि तरी काम परतवावं लागत असेल तर घ्या. त्याआधी ड्रायव्हर शोधा. गाडीला कर्ज मिळतं, चांगला ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. लायसन आणि जुने ई-चलन तपासा, आधीच्या मालकाला फोन करा, आणि मग गाडी चालवून दाखवायला सांगा. हायवेवर नको, तिथे सगळेच चांगले चालवतात. जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत न्या, सकाळी दुकानं उघडायच्या वेळी, आणि गल्लीतून रिव्हर्स घ्यायला लावा. आरसे बघत मागे येतो की हेल्परच्या "आने दो, आने दो"वर विसंबून येतो, तेवढं बघितलं की माझं काम झालं. पगाराचं मग नवरा बोलतो.